होळी ते मृग: विदर्भाच्या वावरांतून गॅसची लाइन नेताना

मुंबई–नागपूर गॅस वाहिनी समृद्धी महामार्गाच्या कडेने आली, तेव्हा पुष्कळांना वाटलं की विदर्भातलं अवघड काम संपलं. महामार्गाचा पट्टा हाताशी असल्यामुळे मोठ्या वाहिनीपुरतं ते बरंचसं खरंही होतं. पण मोठ्या वाहिनीपासून तालुक्याच्या गावापर्यंत, एखाद्या एमआयडीसीपर्यंत किंवा गॅस भरायच्या पंपापर्यंत जी फाट्याची लाइन जाते, तिच्या वाट्याला पांदण (वावरांतली गाडीवाट) येते, धुरा (दोन वावरांमधला बांध) येतो, पावसाळ्यात गुडघाभर चिखल असलेलं काळं वावर येतं आणि सात-बाऱ्यावर सतरा नावं येतात. अशा लाइनींवर साइट इंजिनिअर म्हणून माझी बरीच वर्षं गेली. पहिल्यांदाच असं काम हाती घेणाऱ्या इंजिनिअर, सुपरवायझर आणि लहान ठेकेदारांसाठी हे लिहितोय.

आधी दिवस मोजा

मुख्यालयातून येणारा बार चार्ट ३६५ दिवसांचा असतो. विदर्भातलं कोरडवाहू वावर वर्षातले जेमतेम ८५–९० दिवसच तुमच्या हाती देतं. ते दिवस म्हणजे होळी ते मृग.

जूनच्या मध्यापासून काळ्या मातीत पोकलेन उतरवणं म्हणजे तो तिथेच चार महिने ठेवण्याची तयारी. सप्टेंबरच्या शेवटी सोयाबीन निघतं, पण शेजारी कपाशी आणि तूर उभीच असते. वेचण्या जानेवारी–फेब्रुवारीपर्यंत चालतात. ओलिताच्या वावरात तोवर गहू-हरभरा आलेला असतो. वऱ्हाडात आणि यवतमाळ–वर्ध्याकडे मोकळं रान मिळतं ते मार्चपासून. पूर्वेला, भंडारा–गोंदिया–गडचिरोलीकडे, हिशेब वेगळा. तिथे धान डिसेंबरपर्यंत निघतो आणि बांध्या (खाचरं) मोकळ्या होतात, म्हणजे तुम्हाला दोन महिने जास्त मिळतात. पण तलावाखालच्या ओलिताला उन्हाळी धान असेल तर तेही जातात. वरूड–मोर्शी–काटोलच्या संत्रापट्ट्यात तर मोकळं रान असा प्रकारच नाही. आंबिया बहार तोडून होतो तोवर मृग बहाराची फळं झाडावर असतात.

म्हणून चार्ट उलटा करा. खोदाई होळीनंतर धरा आणि त्याआधीच्या दिवाळीपर्यंत मार्ग, कागद, पाइप आणि वेल्डर तयार पाहिजेत असं मागे मोजत या. दिवाळीची तारीख चुकली की एक महिना जात नाही, पुढची होळी येईपर्यंत वर्ष जातं. साहेबांना हे पहिल्याच बैठकीत सांगा. नंतर सांगितलं तर ते कारण सांगितल्यासारखं वाटतं.

मार्ग चालून ठरवा

उपग्रहाच्या चित्रावर आखलेली रेघ सुरुवातीला ठीक आहे. त्यानंतर ती रेघ पायी चालायची, दोनदा. एकदा मे महिन्यात, एकदा ऑगस्टमध्ये. मे महिन्यात जो कोरडा ओढा दिसतो तो ऑगस्टमध्ये पात्र सोडून कुठून वाहतो, हे चित्रात दिसत नाही. बांधावर बसलेला म्हातारा ते दोन मिनिटांत सांगतो.

चालताना पायाखालच्या मातीकडे लक्ष ठेवा. पश्चिम विदर्भात वर काळी माती, मग मुरूम, मग बेसाल्ट. कुठे काळी माती दहा फूट, तर कुठे दीड फुटावरच कातळ. गावातल्या विहिरींत डोकावलं तर हा सगळा क्रम फुकटात दिसतो, म्हणून दर अर्ध्या किलोमीटरला एक विहीर पाहून ठेवा. पूर्वेकडे ग्रॅनाइट आणि नाइस लागतो. तिथला कातळ सलग असतो आणि आडव्या ड्रिलिंगचे (वरून चर न खोदता जमिनीखालून भोक पाडून पाइप ओढण्याचे) दर दुप्पट ऐकायची तयारी ठेवावी लागते.

पूर्णेच्या खोऱ्यात अकोला, अमरावती, बुलडाणा जिल्ह्यांमधून खारपाण पट्टा जातो. तिथे गोड्या पाण्यासाठी माणसं तरसतात, आणि तीच खारी माती लोखंड खाते. मातीचा विद्युतरोध चार खुंट्या ठोकून मोजतात. एरवी दर किलोमीटरला एक मोजमाप चालतं, खारपाणात ते दर दोन-तीनशे मीटरला घ्या, कारण कॅथोडिक संरक्षणाची (पाइपला हलका वीजप्रवाह देऊन गंजापासून वाचवण्याची) सगळी मांडणी त्या आकड्यांवर उभी राहते. पाइपचं मातीशी असलेलं विद्युतविभव कॉपर सल्फेट इलेक्ट्रोडने मोजून उणे ०.८५ व्होल्ट किंवा त्याहून अधिक ऋण राहिलं पाहिजे. खारपाणात पाइपऐवजी स्वतः गंजणारे तात्पुरते जस्ताचे ॲनोड लवकर झिजतात. कायमचं संरक्षण सुरू व्हायला उशीर होणार असेल तर ॲनोड वाढवून ठेवा.

आणखी दोन गोष्टी खास आपल्या भागातल्या. चंद्रपूर, कोराडी, तिरोडा इथल्या वीज केंद्रांतून उच्चदाबाच्या तारांचं जाळं विदर्भभर पसरलंय. त्या तारांना समांतर कित्येक किलोमीटर पाइप गेला तर त्यात वीज प्रवर्तित होते, आणि व्हॉल्व्हला हात लावणाऱ्याला झटका बसू शकतो. तारा ओलांडायच्या तर काटकोनात ओलांडा, त्यांच्या सोबतीने चालू नका. दुसरी गोष्ट कोळशाची. वणी, चंद्रपूर, उमरेड भागात आज कपाशी दिसणाऱ्या वावराखाली कोळसा असू शकतो आणि दहा वर्षांनी तिथे खाण येऊ शकते. कोळसा कंपनीच्या क्षेत्रीय कार्यालयातून लेखी घेतल्याशिवाय तिथे खुंटी ठोकू नका.

मार्गाबाबत माझं एक ठाम मत आहे, डिझाइनवाल्यांना ते आवडत नाही. वावराच्या मधून सरळ जाण्यापेक्षा धुऱ्याने वळून जा. प्रत्येक वळणाला एखादा बेंड, दोन जॉइंट आणि थोडा जास्त पाइप लागतो. मधून गेलात तर मात्र कास्तकाराचं वावर कायमचं दोन तुकड्यांत वाटलं जातं. का, ते पुढे येतं.

कागद: रस्त्याची कड की वापर हक्क

दोन वाटा आहेत. पहिली रस्त्याच्या कडेची. सार्वजनिक बांधकाम विभाग, जिल्हा परिषद किंवा राष्ट्रीय महामार्ग, ज्याचा रस्ता त्याची परवानगी. वरवर सोपी वाट. पण परवानगीत सहसा अट असते की रस्ता रुंद झाला तर लाइन स्वखर्चाने हलवायची. तो रस्ता दर्जोन्नतीच्या यादीत आहे का, हे विभागात जाऊन विचारा. आमची एक लाइन टाकल्यानंतर दोनच वर्षांत उपसून पुन्हा टाकावी लागली. परवानगी देणाऱ्या टेबलाच्या शेजारच्याच टेबलावर रुंदीकरणाची फाइल होती.

दुसरी वाट म्हणजे १९६२चा पेट्रोलियम आणि खनिज पाइपलाइन कायदा. यात जमिनीची मालकी कास्तकाराकडेच राहते, कंपनीला फक्त जमिनीखालून पाइप नेण्याचा वापर हक्क मिळतो. कलम ३(१)ची अधिसूचना निघते, ती प्रसिद्ध झाल्यापासून २१ दिवसांत हरकत घेता येते. सक्षम प्राधिकारी ती ऐकतो आणि मग कलम ६ची घोषणा होते. ३(१)च्या अधिसूचनेनंतर वर्षभरात कलम ६ची घोषणा झाली नाही, तर आधीची अधिसूचना निष्प्रभ होते आणि पुन्हा पहिल्यापासून. हे वर्ष कसं संपतं ते ज्याने अनुभवलंय त्यालाच कळतं.

भरपाईचे दोन भाग. उभं पीक, झाडं, बांध यांचं प्रत्यक्ष नुकसान. आणि वापर हक्कासाठी ३(१)च्या तारखेच्या बाजारभावाच्या १० टक्के. उदाहरणादाखल, बाजारभाव एकरी १० लाख धरला, पट्टा २० मीटर रुंद आणि त्या वावरातली लांबी १०० मीटर, तर क्षेत्र २,००० चौरस मीटर, म्हणजे जवळपास अर्धा एकर. त्याची किंमत पाच लाखांच्या आसपास, वापर हक्काचे सुमारे ५० हजार. रक्कम मान्य नसेल तर जिल्हा न्यायाधीशांकडे जाता येतं. हे गणित गावात फळ्यावर मांडून दाखवा. आकडा लहान दिसतो म्हणून तो लपवायचा आणि नंतर चेकवर दिसू द्यायचा, यासारखी दुसरी चूक नाही.

आता धुऱ्याचं कारण. कलम ९ प्रमाणे त्या पट्ट्यावर घर बांधता येत नाही, विहीर किंवा तळं खोदता येत नाही, झाड लावता येत नाही. पिकाला मनाई नाही. कपाशीवाल्याचं त्याने फारसं बिघडत नाही. पण संत्र्यावाल्याला त्या पट्ट्यात पुन्हा संत्र्याचं झाड लावता येणार नाही, आणि कोरडवाहूवाल्याने जिथे पुढच्या वर्षी विहीर खणायची म्हणून पाणाड्याला जागा दाखवली, तीच जागा पट्ट्यात गेली तर तो सही करणार नाही. का करावी? सर्वे करतानाच प्रत्येकाला विचारा: विहीर कुठे खणायची आहे, घर कुठे बांधायचं आहे? नकाशावर तशा खुणा करा आणि रेघ बाजूला घ्या.

पैसा कोणाच्या हाती जातो

सात-बाऱ्यावरच्या सतरा नावांपैकी चार वारलेली, तीन लेकी लग्न होऊन परगावी, एक भाऊ पुण्यात. वारस नोंदी आणि फेरफार व्हायला महिने लागतात. गावात कॅम्प लावून तलाठ्याकडून, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडून, वारस नोंदीचे अर्ज भरून घेतले तर पुढचं काम निम्मं होतं. हे कंपनीचं काम नाही असं म्हणणारे भेटतील. नसेल, पण अडतं कंपनीचंच. भोगवटादार वर्ग २ (सरकारी परवानगीशिवाय विकता न येणाऱ्या) आणि आदिवासींच्या जमिनी पहिल्याच दिवशी वेगळ्या काढा, त्यांच्या फाइली निराळ्या वाटेने जातात.

नाजूक प्रश्न बटईचा. वावर एकाच्या नावाचं, पेरलेलं दुसऱ्याने, ठेक्याने किंवा बटईने. कायदा नुकसान भरून द्यायला सांगतो, आणि पिकाचं नुकसान ज्याने बी-खत घातलं त्याचं झालेलं असतं. पैसे मात्र सात-बारा पाहून मालकाच्या खात्यात जातात आणि भर चौकात भांडण लागतं. पंचनामा करताना मालक, पेरणारा, पोलीस पाटील आणि कृषी सहायक, म्हणजे आताचे सहायक कृषी अधिकारी, असे चौघेही बांधावर हवेत. पेरणारा कोण हे त्याच कागदावर लिहा आणि वाटणीवर मालकाची सही तिथेच घ्या. ई-पीक पाहणीत काय नोंदलंय तेही आधी तपासा. वावरात तूर आणि नोंदीत सोयाबीन, असं निघालं की अख्खी फाइल परत येते.

दोन गोष्टी बिनखर्चाच्या. पंचनाम्याआधी जमिनीखालचे पीव्हीसी पाइप आणि ठिबकच्या मेन लाइन कास्तकाराकडून दाखवून घ्या आणि चुना टाका. आणि जिथे कातळ फोडायचा आहे त्या भागातल्या सगळ्या विहिरींचे, मातीच्या भिंतींचे तारखेसकट फोटो काढा. ब्रेकर चालला की जुनी भेगही नवीन होते.

जंगलाच्या बाजूला

मेळघाट, ताडोबा, पेंच, बोर, नवेगाव–नागझिरा हे पाचही व्याघ्र प्रकल्प विदर्भात आहेत, आणि त्यांना जोडणाऱ्या जंगलपट्ट्यांतून रेघ कधी ना कधी जातेच. वनहक्क कायद्यात शाळा, अंगणवाडी, पिण्याच्या पाण्याची लाइन अशा १३ सोयींसाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन ग्रामसभेच्या शिफारशीने देता येते. त्या यादीत गॅसची लाइन नाही. ‘लहानसा तुकडा आहे, त्या कलमात बसवू’ असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. वन संवर्धन कायद्याचा प्रस्ताव केंद्राच्या परिवेश पोर्टलवरच करावा लागतो आणि त्याला लागणारा वेळ तुमच्या हातात नसतो. वळसा पाच किलोमीटरचा असला तरी मी वळसाच घेईन.

ग्रामसभेला जा, कागदाला लागो न लागो. गडचिरोलीत मेंढा-लेखासारखी गावं आहेत, ज्यांना आपल्या जंगलाचा हक्क कायद्याने मिळाला आहे आणि ती तो वापरतात. तिथे प्रोजेक्टरवर चित्रं दाखवून काम होत नाही. गोंडी किंवा माडिया बोलणारा माणूस सोबत न्या, मेळघाटात कोरकू बोलणारा, आणि निर्णय त्याच दिवशी मागू नका. मोहफूल आणि तेंदूपत्त्याच्या हंगामात सभाही भरत नाही आणि मजूरही मिळत नाही. त्या दिवसांत तिथे कामच धरू नका.

पाइप, रेती, ऊन

१२ इंची पाइपची १२ मीटरची एक नळी साडेसहाशे किलोच्या वर भरते. ट्रेलर डांबरी रस्त्यापर्यंतच येतो, पुढे ट्रॅक्टर. हे पाइप फेब्रुवारीतच गावाबाहेरच्या पडीक जागेत, रेतीच्या पोत्यांवर रचून ठेवा. पीईचे (पॉलिथिलीन प्लॅस्टिकचे) पिवळे पाइप असतील तर त्यांना सावली हवी, उन्हात महिनोन्‌महिने पडलेला पीई पाइप ठिसूळ होत जातो. पाइपखाली पसरायला रेती लागते, आणि रेतीघाटाचे लिलाव झाले नसले की ती मिळत नाही. काळी किंवा मऊ माती चाळून वापरायची मंजुरी आधीच घेऊन ठेवा.

मे महिन्यात चंद्रपूरला पारा ४७च्या पुढे जातो. काम पहाटे पाचला सुरू, अकराला बंद, पुन्हा साडेचारनंतर. हे माणसांसाठी तर आहेच, पाइपसाठीही आहे. लोखंडी पाइपची एक किलोमीटरची सलग जोडणी ३० अंशांच्या फरकाने जवळपास ३५ सेंटीमीटर लांबते. दुपारी टाय-इन (दोन लांब तुकड्यांना जोडणारा शेवटचा जॉइंट) जोडलात तर रात्री तो जॉइंट ताणाखाली येतो. पीई पाइप तर १०० मीटरला २० अंशांतच ३०–४० सेंटीमीटर खेळतो. तो चरात नागमोडी टाका आणि सकाळी गार असतानाच बुजवा.

चर

इथे माझी एक चूक सांगतो. पहिल्या कामात आम्ही चर भराभर खोदला आणि निघाली ती माती एका ढिगात टाकली. बुजवताना मुरूम वर आला. दुसऱ्या वर्षी एका कास्तकाराने मला हाताला धरून वावरात नेलं. आजूबाजूला पऱ्हाटी (कपाशी) कमरेएवढी आणि मधे आमचा पट्टा बोडका. म्हणाला, “साहेब, पाइप तुमचा, पन वावर तं माहं हाय ना? खालची माती वर अन् वरची खाली केली तुमी.” माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या पट्ट्याची भरपाई पुढची तीन वर्षं द्यावी लागली.

तेव्हापासून नियम: वरची फूट-दीड फूट काळी माती एका बाजूला, मुरूम-दगड दुसऱ्या बाजूला. मधे चालायची जागा. पोकलेनवाल्याला हे निविदेत लिहून द्या, कारण त्याला मीटरमागे पैसे मिळतात आणि दोन ढीग करायला वेळ जातो. कातळ लागला तर पाइपखाली १५ सेंटीमीटर मऊ थर, तीक्ष्ण दगड पाइपभोवती नको. उतरवण्याआधी हॉलिडे डिटेक्टर (कोटिंगमधली भोकं शोधणारं यंत्र) सगळ्या पाइपवरून फिरवा. कोटिंगला टाचणीएवढं भोक असलं तरी तो कडकडतो. खारपाणात ते भोक म्हणजे काही वर्षांत गळती.

काळ्या मातीचा चर उभ्या भिंतीचा ठेवू नका. ती कोरडी असताना दगडासारखी उभी राहते आणि एक अवकाळी सर आली की धाडकन बसते. आत वेल्डर असतो. उतार द्या किंवा आधार लावा, आणि खोदलेला चर शक्यतो त्याच आठवड्यात बुजवा. रात्री उघड्या चरात गुरं, रानडुकरं पडतात, म्हणून दर शंभर-दोनशे मीटरला वर यायला उतरंड किंवा न खोदलेला तुकडा सोडा.

धानपट्ट्यातली वेगळी भानगड म्हणजे पाइप तरंगतो. १२ इंची रिकाम्या पाइपचं मीटरमागे वजन सुमारे ५५ किलो, आणि तो जेवढं पाणी बाजूला सारतो त्याचं ८२ किलो. म्हणजे बांधीत पाणी साचलं आणि वरची माती सैल असली की लोखंडी पाइप होडीसारखा वर येतो. मामा (माजी मालगुजारी) तलावांच्या खालच्या भागात, नाल्यांत आणि नदीच्या काठांवर काँक्रीटचं कोटिंग किंवा वजनं लावाच. वैनगंगा, वर्धा, पैनगंगा अशा नद्या आडव्या ड्रिलिंगने पार करतात. कातळ कुठे सुरू होतो हे बोअर घेऊन पाहिल्याशिवाय रिग मागवू नका. रिग येऊन आठवडाभर उभी राहिली तर नदी ओलांडण्याचा खर्च त्या भाड्यातच संपतो.

पाण्याची चाचणी: मे महिन्यात पाणी कुठून

गळती नाही ना हे पाहायला पाइप पाण्याने भरून दाबाने २४ तास धरायचा असतो. १२ इंची पाइपला किलोमीटरमागे सुमारे ७५ हजार लिटर लागतात, दहा किलोमीटरला साडेसात लाख. १० हजार लिटरचे ७५ टँकर. त्याच वेळी गावाला पाण्याचा टँकर दोन दिवसांआड येत असतो. अशा गावातून भरलेले टँकर पाइपकडे नेले तर पुढचं काम गाव बंद पाडतं, आणि बरोबर करतं.

दोन उपाय चालतात. पाच-पाच किलोमीटरचे तुकडे करून एकाचं पाणी दुसऱ्यात ढकलत न्यायचं. पाणी पाटबंधारे विभागाच्या परवानगीने फेब्रुवारीत उचलायचं. किंवा पाइप बुजवून, दोन्ही तोंडांना झाकणं वेल्ड करून, चाचणी ऑक्टोबरमध्ये तलाव भरल्यावर घ्यायची. दुसऱ्यात चार महिने जातात, पण मला तोच पटतो. मात्र रिकामा पाइप पावसाळाभर जमिनीत राहणार असल्याने तरंगण्याचं वरचं गणित पुन्हा तपासा. चाचणीचं पाणी सोडताना तपासणी करूनच सोडा, आणि कोणाच्याही वावरात जोराने सोडू नका. काळी माती एका तासात घळ होते.

बुजवल्यानंतर

चरावर माती थोडी उंच, वरंब्यासारखी ठेवा, पहिल्या पावसात ती बसते. पिवळी चेतावणी पट्टी पाइपच्या वर टाका. खांब धुऱ्यावरच रोवा, वावराच्या मधे रोवलेला खांब पहिल्या वखरणीत आडवा होतो. गावात जलजीवनची लाइन आणि इंटरनेटची केबल टाकणारे जेसीबी कायम फिरत असतात, त्यामुळे त्या जेसीबीवाल्यांचे नंबर तुमच्याकडे आणि तुमचा त्यांच्याकडे हवा. शाळेत आणि चौकात सांगताना एक फरक स्पष्ट करा: सिलिंडरचा गॅस जड असतो, खाली साचतो, पाइपचा हलका, वर जातो. वास आला की दोन्हीत काडी ओढायची नाही, पण पाइपच्या गॅससाठी खिडकीबरोबर वरचा झरोकाही उघडावा लागतो.

आणि मृगाचा पहिला मोठा पाऊस पडला की दुसऱ्या दिवशी बूट घालून पूर्ण लाइन चाला. जिथे पट्टा खचला, तिथे काळ्या मातीची ट्रॉली त्याच आठवड्यात पोचवा. पेरणी व्हायच्या आत.